मुंबईचे पंचरंगी सामने आणि आपला समाज

आंतरशालेय सामन्यांच्या दिवसांत आपला मुलगा पांढरे कपडे घालून आझाद मैदानावर जातो, तेव्हा फलकावर त्याच्या संघाचे नाव काय लिहिलेले असते? शाळेचे. कॉलेजात गेला की कॉलेजचे. वाचकहो, ही गोष्ट आज आपल्याला इतकी साधी वाटते की तिच्याविषयी कोणी निबंध लिहावा असे कोणाच्या मनातही येणार नाही. पण याच मुंबईत, याच मैदानांच्या परिसरात, क्रिकेटची सर्वांत मोठी स्पर्धा दीर्घकाळ धर्माच्या नावाने भरत असे. फलकावर ‘हिंदू’, ‘मुस्लिम’, ‘पारशी’, ‘युरोपियन’ आणि शेवटी ‘इतर’ अशी नावे लागत. कचेऱ्या ओस पडत आणि लोक झाडांवर चढून खेळ पाहत. १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद पडली. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असे आता फारसे कोणी उरलेले नाही, आणि नव्या पिढीला तिचे नावही ठाऊक नसते. म्हणून ही हकिगत आपल्या स्मरणिकेत यावी असे वाटले. तिच्यात आपल्या समाजाचा अभिमान आहे आणि आपल्या समाजापुढचा एक प्रश्नही आहे.

मुंबईत देशी लोकांपैकी क्रिकेट प्रथम उचलले ते पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला. गोऱ्या साहेबांचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. एस्प्लनेड मैदानावर साहेब लोक पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी देशी मुलांच्या खेळपट्ट्या उखडल्या जात. त्याविरुद्ध पारशी तरुणांनी अर्जामागून अर्ज केले. ही तक्रार बरीच वर्षे चालली. पुढे सरकारने समुद्र हटवून तयार केलेल्या किनाऱ्याच्या पट्टीवर एकेका समाजाला एकेक तुकडा तोडून दिला. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना हे असे एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. आज ज्याला आपण मरीन ड्राइव्ह म्हणतो तेथे ते अजूनही आहेत. जागा समाजवार मिळाली म्हणून संघ समाजवार झाले, की संघ तसे होते म्हणून जागा तशी मिळाली, यावर वाद घालता येईल. माझ्या मते दोन्ही खरे आहे. सरकारला ही वाटणी सोयीची होती, आणि मागणारे आपणही आपापल्या नावानेच मागत होतो.

इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांचा पुढाकार होता. विद्यार्थी मित्रांनो, हे नाव विसरू नका. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही तेच होते. समाजाची शाळा काढणे, समाजाचा जिमखाना काढणे आणि सर्व देशाच्या सभेचे अध्यक्ष होणे, या तीन गोष्टींत त्यांना विसंगती दिसली नाही. आपले मूल घराबाहेर पडून इतरांच्या बरोबरीने उभे राहावे, एवढाच हेतू तिन्हींमागे होता.

१८९२ साली युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना सुरू झाला. लॉर्ड हॅरिस हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडचे माजी कप्तान. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले आणि १९०७ पासून सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुस्लिम संघाला प्रवेश मिळाला आणि ‘चौरंगी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रूढ झाला. १९३७ पासून भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे सर्वांचा मिळून ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि चौरंगीची पंचरंगी झाली.

मुस्लिम संघ शेवटून दुसरा आला याचे आश्चर्य वाटायला नको. जिमखाना होता, पण खेळाडू तयार होतात ते शाळा-कॉलेजांत, आणि शाळा-कॉलेजांत आपली मुले किती होती? या बाबतीत उत्तरेकडे अलिगढचे कॉलेज फार पुढे होते. सर सय्यद अहमद खान यांच्या त्या संस्थेत क्रिकेटला मोठा मान होता. पुढे खिलाफत चळवळीत गाजलेले मौलाना शौकत अली हे विद्यार्थिदशेत अलिगढच्या संघाचे कप्तान होते, हे अनेकांना ठाऊक नसेल. म्हणजे मुंबईच्या मैदानावर ‘मुस्लिम’ म्हणून जो संघ उतरत असे, त्याच्या मागे खरी ताकद होती ती एका विद्यालयाची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या स्पर्धेने काय दिले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेव्हा राज्यकर्त्यांच्या क्लबात आपल्याला पाऊल ठेवायला परवानगी नव्हती, तेव्हा त्याच राज्यकर्त्यांसमोर बरोबरीच्या नात्याने उभे राहण्याचे हे एक ठिकाण होते. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात सुरुवातीच्या काळात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पण साहेबांचे बळी घ्यायला त्यांच्यावाचून गत्यंतर नाही असे दिसले तेव्हा हिंदू संघात त्यांना घ्यावेच लागले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या नावावर कधी लागले नाही. ते लागले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या नावावर, १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकलाही. धर्माच्या नावाने संघ उभा केला तरी त्याच्या आत आणखी भिंती असतातच. हे हिंदू संघाविषयी म्हटले, पण आपणही आपल्या जमातींकडे आणि मोहल्ल्यांकडे एकदा पाहावे.

मुस्लिम संघाचा पहिला विजय १९२४ चा. १९३० ते १९३३ ही चार वर्षे कायदेभंगाच्या चळवळीमुळे सामने झाले नाहीत. १९३४ साली पुन्हा सुरू झाले तेव्हा मुस्लिम संघ जणू दुसराच होता. १९३४ आणि १९३५ ही दोन वर्षे त्याने लागोपाठ जिंकली. मग १९३७, १९३८, १९४० आणि १९४४. एकूण सात विजय. वजीर अली आणि नझीर अली हे भाऊ, महंमद निस्सारसारखा वेगवान गोलंदाज, अमीर इलाही आणि इंदूरचा मुश्ताक अली या मंडळींनी ते मिळवले. त्या काळी आकाशवाणीवरून बॉबी तल्यारखान हे पारशी गृहस्थ एकटेच दिवसभर सामन्याचे वर्णन करीत, आणि इराण्याच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी होई.

आपल्या उपनगरांचा या साऱ्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. त्या वेळी अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही गावे मुंबईत नव्हतीच. महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली ती १९५० साली, आणि दहिसर-मुलुंडपर्यंत १९५७ साली. पण १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावत होती, आणि डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालेले ब्रेबोर्न स्टेडियम चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. शेताडीतून, खाडीकाठच्या वाड्यांतून माणसे सकाळची गाडी पकडून सामन्याला जात. उपनगरांना स्वतःचा जिमखाना नव्हता, मैदानाचा तुकडा नव्हता. तरी एक गोष्ट होती, आणि ती पंचरंगीपेक्षा टिकाऊ ठरली. ती म्हणजे जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ कॉलेज.

आगबोटींच्या व्यवसायातले सर महंमद युसुफ यांनी वडिलांच्या स्मरणार्थ, मुसलमान तरुणांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून १९१४ साली सरकारकडे ८ लाख रुपये दिले. त्या काळचे ८ लाख! कॉलेज प्रत्यक्ष सुरू व्हायला १९३० साल उजाडले. उपनगरांतले ते पहिले कॉलेज. देणगी एका समाजाच्या उन्नतीसाठी होती, पण दरवाजा सर्वांना उघडा होता. पार्ल्याचे पु. ल. देशपांडे याच कॉलेजात शिकले. ज्या काळात ब्रेबोर्नवर हिंदू आणि मुस्लिम असे दोन फलक समोरासमोर लागत होते, त्याच काळात जोगेश्वरीच्या एकाच वर्गात दोन्हीकडची मुले एका बाकावर बसत होती. इतिहासात अशा दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. गाजावाजा एकीचा होतो, काम दुसरी करते.

आता वादाकडे येऊ. पहिले भांडण धर्मावरून झाले नाही, ते खुर्च्यांवरून झाले. १९३७ साली नव्या स्टेडियममध्ये कोणत्या जिमखान्याला किती जागा, यावरून हिंदू जिमखान्याचे जमले नाही आणि त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. जिमखान्यांचा खर्च बऱ्याच अंशी या सामन्यांच्या तिकिटांवर चाले, हे विसरून चालणार नाही. तत्त्वाच्या गोष्टी नंतर आल्या. देशातले वातावरण तापत होते. दोन राष्ट्रांची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी दरवर्षी काही हजार माणसांनी ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन भाग करून ओरडावे, हे शहाण्या लोकांना खटकू लागले.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेली. गांधीजींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की कॉलेजा-कॉलेजांत, संस्था-संस्थांत सामने व्हावेत हे समजू शकते, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधी समजले नाही. खेळाच्या मैदानाला तरी ही वाटणी लागू नये, आणि हे सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने आपले मत आहे. त्या वर्षी हिंदू संघ बाजूला राहिला. पण पुढच्याच वर्षी तो परत आला आणि जिंकलाही. थोरांचा सल्ला मानायचा, पण एका हंगामापुरता, ही आपल्या सर्वांची जुनी खोड आहे.

हे सामने बंद व्हावेत म्हणणारे सगळे हिंदूच होते, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या इंग्रजी दैनिकाचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हे मुसलमान, एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर आणि राष्ट्रीय चळवळीतले कार्यकर्ते होते. त्यांच्या पत्राने पंचरंगीविरुद्ध सातत्याने लिहिले. विचार करा, मुस्लिम संघ वर्षामागून वर्ष जिंकत होता, समाज आनंदात होता, आणि समाजातलाच एक माणूस सांगत होता की हा आनंद आपल्याला महाग पडेल. जिंकणाऱ्या बाजूला उभे राहून खेळ थांबवा म्हणायला अधिक धैर्य लागते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तुच्छ मानण्यासारखे नव्हते. ते म्हणत की खेळाडू एकमेकांचे दोस्त आहेत, सामना संपला की एकत्र जेवतात, मग बिघडते कुठे? त्यांच्या बाजूने दाखला द्यायचा तर १९३६ चा देता येईल. मँचेस्टरच्या कसोटीत विजय मर्चंट आणि मुश्ताक अली या जोडीने सलामीला २०३ धावा केल्या. मर्चंटच्या ११४, मुश्ताकच्या ११२. एक हिंदू, एक मुसलमान, टोपी एकच. मायदेशी परतले की हेच दोघे विरुद्ध संघांत असत. दोस्तीला बाधा आली नाही. मात्र दोस्ती होती ती खेळाडूंची. बाकांवर बसलेल्यांचे तसे नव्हते.

पंचरंगीतला खेळ मात्र पाहण्यासारखा असे, यात शंका नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! भाऊ विवेक यांनी दुसरे टोक धरून ठेवले. त्या भागीदारीच्या ३०० धावांत विवेकच्या २१ होत्या. सामना तरीही एका डावाने गेला. हजारे हे मराठी ख्रिस्ती. ज्या स्पर्धेत त्यांचा समाज ‘इतर’ या एका शब्दात बसवला होता, त्या स्पर्धेतला सर्वांत एकाकी पराक्रम त्यांचा.

आणि १९४४. मुश्ताक अली कप्तान, समोर मर्चंटचा हिंदू संघ. मुस्लिम संघाला शेवटच्या डावात २९८ धावा हव्या होत्या. सलामीला आलेले के. सी. इब्राहिम हे मुंबईचेच, सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. एकामागून एक गडी परतत होते आणि इब्राहिम उभे होते. नऊ बळी गेले तेव्हाही उभे होते. मुस्लिम संघ एका गड्याने जिंकला. इब्राहिम नाबाद १३७. हा समाजाच्या संघाचा शेवटचा विजय ठरला.

१९४५ च्या हंगामात हिंदू संघ जिंकला. १९४६ साली देशाची जी अवस्था होती तीत हे सामने भरवणे अशक्य झाले आणि ते कायमचे थांबले. त्यांच्या जागी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभागवार चौरंगी सामने घेऊन पाहिले, पण लोकांची तशी गर्दी जमली नाही.

खेळाडूंचे पुढे काय झाले? अमीर इलाही, गुल महंमद आणि अब्दुल हफीज हे तिघे भारताकडूनही कसोटी खेळले आणि पाकिस्तानकडूनही. हफीज हेच पाकिस्तानचे पहिले कसोटी कप्तान कारदार. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले आणि २००५ साली तेथेच वारले. इब्राहिम मुंबईकडून खेळत राहिले. १९४७-४८ च्या हंगामात त्यांनी बाद होण्याच्या दोन वेळांच्या दरम्यान ७०९ धावा केल्या, तो जागतिक विक्रम समजला जातो. पुढच्या हंगामात ते भारताकडून चार कसोटी खेळले आणि रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक काढले. नंतर ते कराचीला गेले आणि २००७ साली तेथे वारले. मरीन लाइन्सपासून कराचीपर्यंतचा हा प्रवास त्या काळी किती घरांनी केला, हे तुमच्यापैकी अनेकांना घरातूनच ठाऊक असेल.

पालकहो, आता मूळ प्रश्न. संघ बंद झाला तेव्हा समाजातल्या पुष्कळांना वाटले की आपला दरवाजा बंद झाला. ते खोटे नव्हते. मुस्लिम संघात अकरा जागा हमखास मुसलमान मुलांच्या होत्या. १९४६ नंतर एकही जागा हमखास राहिली नाही. मुंबईच्या संघात यायचे तर आधी शाळेच्या, मग कॉलेजच्या किंवा क्लबच्या संघात यायला हवे. पंचरंगीत खेळायला अमुक घरात जन्म घेणे पुरेसे होते. शाळेच्या संघात खेळायला शाळेच्या पटावर नाव लागते, आणि ते दहावीपर्यंत टिकावे लागते. आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला. ती वाट पंचरंगीच्या भरातच उघडली होती. पण त्या वाटेवरून चालायला आपल्याकडे मुले थोडी होती, आणि मुली तर कोणाच्या हिशेबातच नव्हत्या. खेळातले आपले मागासलेपण हे मैदानावरचे नव्हते, ते शाळेच्या हजेरीपटावरचे होते. अलिगढच्या मुलांनी मुस्लिम संघाला बळ दिले ते याच कारणाने.

जिमखाने मोडले नाहीत, हे चांगले झाले. १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होतात. त्यांत इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना ही नावे आहेत, पण खेळणारे कोणत्याही घरातले असतात. कलकत्त्याचे मोहमेडन स्पोर्टिंग हे फुटबॉलमधले असेच उदाहरण. १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षे त्याने तेथील लीग लागोपाठ जिंकली तेव्हा देशभरच्या मुसलमानांनी आनंद केला. आज नाव तेच आहे, संघात सर्व धर्मांचे खेळाडू आहेत.

आणि शाळांची वाट आपल्या मुलांना सापडली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कालुस्त्याचे गुलाम परकार मुंबईकडून खेळले आणि १९८२ साली लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. वसीम जाफर हा अंजुमन-ए-इस्लाम शाळेचा विद्यार्थी. शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा काढून तो पुढे आला, आणि रणजी स्पर्धेत त्याच्या धावा बारा हजारांच्या पुढे गेल्या. सरफराज खानने २००९ साली हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा काढल्या त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून.

त्याच शाळेकडून, त्याच हॅरिस शील्डमध्ये, नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डिअसिसी शाळेविरुद्ध ५४६ धावांचा डाव खेळला गेला. मुसलमान गृहस्थांनी काढलेली शाळा, समोर ख्रिस्ती मिशनची शाळा, आणि बॅट हातात घेऊन उभा असलेला मुलगा विरारचा पृथ्वी शॉ.